तुमचे प्रश्न: मासळीच्या नोंदी गुप्त कशा राखायच्या?

लॉगबुक, उतरवलेल्या मासळीच्या पावत्या, उपग्रहावरून येणारे नौकेचे ठिकाण, नौकेवरच्या निरीक्षकाच्या नोंदी. मासेमारीचे व्यवस्थापन या कागदांवर चालते आणि प्रत्येक कागदात कुणाचे तरी धंद्याचे गुपित असते. त्यांच्या गोपनीयतेबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: जाळे कुठे टाकले, किती वेळ ठेवले, काय मिळाले, हे सगळे मला लॉगबुकात भरावे लागते. माझ्या जागा मी बारा वर्षे खर्चून शोधल्या आहेत. त्या दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून ठिकाण थोडे सरकवून लिहिले तर काय बिघडते? (एक नौकामालक)

उत्तर: बरेच बिघडते. किती वेळ जाळे पाण्यात होते आणि त्यात किती मासळी आली, या भागाकारावरून साठा वाढतो आहे की घटतो आहे याचा अंदाज बांधतात. दहा नौकांनी आपापली जागा वीस सागरी मैल सरकवली, की नकाशावर मासळी नाही तिथे दिसू लागते आणि आहे तिथून गायब होते. मग एखादा पट्टा प्रजननकाळासाठी बंद करायचा झाला तर रेघ चुकीच्या ठिकाणी ओढली जाते. याचा फटका तुम्हालाही बसतो. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या असोत वा पाइपलाइन टाकायची असो, ‘इथे आम्ही मासेमारी करतो’ हे सांगायला लॉगबुकाएवढा भक्कम पुरावा दुसरा नसतो. तुमची खरी जागा कागदावरच नसेल तर भरपाई कशाच्या आधारावर मागणार?

तेव्हा लिहा खरेच, आणि संरक्षण मागा. तसे मागणे रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९५ च्या मत्स्यसाठा कराराच्या पहिल्या परिशिष्टात एकत्रित न केलेल्या माहितीची गोपनीयता राखावी असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्यात त्यासाठी कलम ४०२ आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियंत्रण नियमावलीत कलम ११२ व्यक्तिगत माहितीसाठी आणि ११३ धंद्याच्या गुपितांसाठी आहे. नोंद घेणाऱ्या कार्यालयाकडून चार गोष्टी लेखी घ्या: कोणत्या कायद्याखाली माहिती घेतली जाते, ती कोणकोण पाहू शकते, प्रसिद्ध करताना किती नौकांची बेरीज करून दाखवतात, आणि मूळ नोंद किती वर्षांनी नष्ट होते.

एक मात्र नीट समजून घ्या. गोपनीयता म्हणजे अभय नव्हे. स्पर्धक, व्यापारी आणि आम जनता यांच्यापासून नोंद झाकली जाते, पण नियमभंगाच्या चौकशीसाठी किंवा न्यायालयाच्या आदेशावरून ती उघडता येते. वर सांगितलेल्या अमेरिकी कायद्यातही अशी सोय आहे. ‘तुमच्याविरुद्ध हे कधीच वापरले जाणार नाही’ असे तोंडी आश्वासन कुणी दिले तर त्यावर विसंबू नका.

प्रश्न: आमच्याकडे ‘तीनपेक्षा कमी नौका असतील तर आकडा छापायचा नाही’ असा नियम आहे. तीनच का? आणि तीन झाल्या की झाले का? (आकडेवारी विभागातील कर्मचारी)

उत्तर: एका नौकेचा आकडा म्हणजे सरळ तिचेच गुपित. दोन नौकांची बेरीज छापली तर प्रत्येक मालक त्यातून स्वतःची पकड वजा करतो आणि दुसऱ्याची नेमकी काढतो. तीन झाल्या की कुणा एकट्याला हे जमत नाही, त्यासाठी दोघांनी आपले आकडे एकमेकांना सांगावे लागतात. तीनला एवढाच आधार आहे. म्हणून तो तळाचा दगड समजा, त्याला भिंत समजू नका.

पहिली चूक मोजण्यात होते. तीन नौका एकाच मालकाच्या असतील तर मोजताना तो एकच धरायला हवा. नोंदणी वेगवेगळ्या नावांवर आणि व्यवहार एकाच घराचा, असेही असते. त्यामुळे मोजणी नौका क्रमांकावर न करता माहिती देणाऱ्या घटकावर करा. खरेदीदारांचीही तीच गोष्ट. समजा आठ नौकांनी मासळी उतरवली, पण सगळी एकाच कारखान्याने घेतली. ‘एकूण मूल्य भागिले एकूण वजन’ केले की त्या कारखान्याचा खरेदीचा भाव उघड होतो. वजनाचा तक्ता असेल तर नौका मोजा, किमतीचा असेल तर नौका आणि खरेदीदार दोन्ही मोजा.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. समजा पाच नौकांची बेरीज २०० टन. त्यात एक मोठी नौका १७० टनांची, दुसरी २० टनांची आणि उरलेल्या तिघी मिळून १० टन. पाच नौका आहेत म्हणून तक्ता नियमात बसतो. पण २० टनवाला मालक स्वतःचे वजा करतो आणि त्याच्या हाती १८० उरतात. मोठ्या नौकेचा खरा आकडा १७०, म्हणजे त्याचा अंदाज सहा टक्क्यांच्या आत आला. धंद्यात एवढे पुरते.

यासाठी सांख्यिकीत टक्केवारीची कसोटी वापरतात. बेरजेतून पहिल्या दोन मोठ्या नौका काढा. जे उरते ते सर्वांत मोठ्या नौकेच्या ठरावीक टक्के तरी असायला हवे. ही टक्केवारी दहा धरली तर १७० च्या दहा टक्के म्हणजे १७ टन उरायला हवे होते. उरले १०. म्हणजे आकडा छापण्याजोगा नाही. ही टक्केवारी किती धरली हे बाहेर सांगू नये. माहीत झाली की तिच्याच आधाराने अंदाज आणखी घट्ट करता येतो. मोजक्या बड्या नौका आणि बाकी लहान होड्या असे चित्र असेल तिथे ही कसोटी लावल्याशिवाय तक्ता बाहेर सोडू नका.

प्रश्न: छापलेल्या तक्त्यात आम्ही दोन नौकांचा खाना रिकामा ठेवला होता. तरी दुसऱ्याच दिवशी त्यांचा आकडा सगळ्यांना माहीत! फोडला कुणी? (मच्छीमार सहकारी संस्थेचे सचिव)

उत्तर: बहुधा कुणीच फोडला नसावा. तक्त्यानेच सांगितला असेल. समजा चार बंदरे आहेत. पहिल्यावर १४ नौकांचे १८० टन, दुसऱ्यावर ९ नौकांचे १२० टन, तिसऱ्यावर ६ नौकांचे ७६ टन आणि चौथ्यावर २ नौकांचे ३६ टन. एकूण ४१२. तुम्ही चौथा खाना झाकला, पण एकूण बेरीज तशीच ठेवली. ४१२ मधून १८०, १२० आणि ७६ वजा केले की ३६ आपोआप समोर येतात. वजाबाकी शाळकरी मुलालाही येते.

उपाय म्हणजे जोडीला आणखी एक खाना झाकणे. तिसरे बंदरही झाकले तर ‘दोन्ही मिळून ११२’ एवढेच कळते आणि त्यात ८ नौका आहेत. जोडीचा खाना निवडताना फार लहान निवडू नका. जोडीला दोन-तीन टनांचा खाना घेतला तर मूळ आकडा तेवढ्याच फरकाने उघडा राहतो. तक्त्यात आडव्या ओळीत बंदरे आणि उभ्या स्तंभात मासळीच्या जाती असतील तर दोन्ही दिशांनी बेरजा तपासाव्या लागतात, म्हणजे साधारणपणे चार खाने चौकोनाच्या कोपऱ्यांसारखे झाकावे लागतात. मोठ्या तक्त्यात हे हाताने करू नका, चूक होतेच. ‘टाउ-आर्गस’ ही मोफत संगणक प्रणाली नेमकी याच कामासाठी आहे.

आता तुमच्या प्रकरणात आणखी दोन ठिकाणी पाहा. एक, तोच आकडा दुसऱ्या एखाद्या अहवालात वेगळ्या मांडणीत छापला गेला होता का? वार्षिक अहवालात जातीनुसार, पत्रकात बंदरानुसार आणि सभेच्या सादरीकरणात जाळ्याच्या प्रकारानुसार असे तीन तक्ते बाहेर गेले, की ते एकमेकांतून वजा होतात. दोन, कोट्याचा चालू हिशेब. दर आठवड्याला ‘आजवरची एकूण पकड’ लावायची पद्धत असते. दहाव्या आठवड्याअखेर १२ नौकांचे ५४० टन. अकराव्या आठवड्यात हवामान खराब, एकच नौका बाहेर पडली, फलकावर ५६१. त्या नौकेने २१ टन आणले हे धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळले. अशा आठवड्यात आकडा पुढे न सरकवता पुढच्या आठवड्यात दोन्ही मिळून जाहीर करावेत. किंवा ‘कोटा ६० टक्क्यांहून अधिक वापरला गेला’ असे टप्पे सांगावेत. पण कोटा संपत आला असेल तर उशीर परवडत नाही. तेव्हा टप्प्यांचीच भाषा वापरा.

झाकलेल्या खान्यात शून्य लिहू नका. शून्य म्हणजे ‘मासेमारी झाली नाही’ आणि झाकलेले म्हणजे ‘झाली, पण सांगत नाही’. दोन्हींना एकच चिन्ह दिले तर पुढे हा तक्ता वापरणारा संशोधक साठा कमी धरतो. तक्त्याखाली एक ओळ असावी: गोपनीयतेसाठी किती खाने वगळले.

प्रश्न: नकाशावर मासेमारीची तीव्रता दाखवायची आहे. त्यासाठी समुद्राचे चौकटींत तुकडे पाडावे लागतात. चौकट किती मोठी घ्यावी? (नकाशे तयार करणारी अभियंता)

उत्तर: एक अंश अक्षांश म्हणजे ६० सागरी मैल, सुमारे १११ किलोमीटर. ट्यूना मासळीच्या आंतरराष्ट्रीय आयोगांत लांब दोरीच्या मासेमारीसाठी पाच अंशांची आणि वेढा जाळ्यासारख्या पृष्ठभागावरच्या मासेमारीसाठी एक अंशाची चौकट रूढ आहे. समुद्रतळ खरवडणाऱ्या ट्रॉलचा परिणाम पाहायला ती फारच ढोबळ पडते. ईशान्य अटलांटिकमध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रशोध परिषद (आयसीईएस) ०.०५ अंशाची, म्हणजे उत्तर-दक्षिण साडेपाच किलोमीटरची चौकट वापरते. एवढ्या लहान चौकटीत तीन नौका सापडणे कठीण, म्हणून तिथे प्रत्येक चौकटीसोबत वेगवेगळ्या नौकांची संख्याही मागवली जाते.

आमचा सल्ला असा: सगळीकडे एकच आकार घेण्याऐवजी मोठ्या चौकटीपासून सुरुवात करा. तिचे चार तुकडे करून पाहा. चारही तुकडे नौकांच्या संख्येच्या आणि टक्केवारीच्या कसोटीला उतरले तरच तोडा. एकही नापास झाला तर मोठी चौकट तशीच ठेवा. गर्दीच्या भागात नकाशा बारीक होतो, विरळ भागात ढोबळ राहतो. चौकटी मात्र एकात एक बसणाऱ्याच हव्यात. एका वर्षी एक अंशाची जाळी आणि पुढे त्याच माहितीची अर्धा अंश सरकवलेली जाळी छापली, तर दोन्हींच्या फरकातून लहान पट्ट्यांचे आकडे सुटे होतात.

चौकट लहानच हवी असेल तर काळ मोठा घ्या, महिन्याऐवजी तिमाही किंवा वर्ष. आणि चौकटीच्या आत ‘जाळे टाकल्याचा सरासरी बिंदू’ कधीही दाखवू नका. ठिपका चौकटीच्या मध्यावरच असू द्या.

प्रश्न: एआयएसवर (स्वयंचलित ओळख यंत्रणेवर) नौका कुठे आहे हे कुणालाही दिसते. मग उपग्रहावरून मिळणारी व्हीएमएसची (नौका देखरेख यंत्रणेची) माहिती गुप्त ठेवण्यात काय अर्थ? (पत्रकार)

उत्तर: दोन्ही यंत्रणा वेगळ्या कामाच्या आहेत. एआयएस टक्कर टाळण्यासाठी आहे. नौका आपले नाव, ठिकाण, वेग आणि दिशा व्हीएचएफ रेडिओच्या दोन ठरावीक वाहिन्यांवरून उघडपणे सांगत राहते, जवळचे जहाज ते ऐकते, आणि आता उपग्रहही ऐकतात. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनी व त्याहून मोठ्या जहाजांना ती सक्तीची आहे. मासेमारी नौकांसाठी नियम देशागणिक बदलतात. युरोपीय संघात १५ मीटरपेक्षा लांब नौकांना ती ठेवावी लागते. व्हीएमएस मात्र नौकेवरच्या पेटीतून उपग्रहामार्गे फक्त नियंत्रण केंद्राकडे जाते. ती लहान नौकांवरही असते आणि केंद्रात ती लॉगबुकाशी जोडता येते.

नुसत्या ठिकाणाची किंमत मर्यादित आहे. ठिकाण, वेळ आणि त्या फेरीची पकड एकत्र आली की गुपित पूर्ण होते. काही देशांनी ठिकाणे उघड करणे स्वतःहून निवडले आहे. इंडोनेशियाने २०१७ मध्ये आपल्या नौकांची व्हीएमएस माहिती ‘ग्लोबल फिशिंग वॉच’ या मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या नकाशावर खुली केली, आणि बेकायदा मासेमारी रोखण्यासाठी तो धाडसी निर्णय होता. निर्णय घोषित करून घेतला तर नौकामालकाला आधी कळते. माहिती नकळत झिरपली तर ती फसवणूक होते.

तुमच्या प्रश्नात एक महत्त्वाचा इशारा दडलेला आहे. एआयएस उघडी असल्यामुळेच ‘नावे काढून टाकलेली’ व्हीएमएस माहिती देणे धोक्याचे आहे. एखाद्या निनावी मार्गावरचे चार-पाच बिंदू एआयएसशी जुळले की नाव कळते, आणि नाव कळले की त्या मार्गावरचे सगळे काही कळते.

प्रश्न: आम्ही नोंदणी क्रमांकाऐवजी त्याचा हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने त्यापासून बनवलेली अक्षरांची साखळी, काढून संशोधकांना देतो. तो उलटा फिरवता येत नाही, म्हणजे सुरक्षित ना? (सॉफ्टवेअर तयार करणारा)

उत्तर: नाही. हॅश उलटा फिरवायची गरजच पडत नाही. परवानाधारक नौकांची यादी बहुतेक ठिकाणी सार्वजनिक असते. समजा तीत २०,००० क्रमांक आहेत. त्या सगळ्यांचे हॅश साधा लॅपटॉप सेकंदाच्या आत काढतो. मग दोन याद्या शेजारी ठेवायच्या, संपले. क्रमांक मोजके असतील तिथे नुसता हॅश म्हणजे उघडे नाव.

त्याऐवजी यादृच्छिक संकेतांक द्या. नाव आणि संकेतांक जोडणारी यादी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसाच्या ताब्यात ठेवा. हॅशच वापरायचा असेल तर गुप्त किल्ली घालून काढलेला वापरा आणि ती किल्ली माहितीच्या साठ्यात ठेवू नका. प्रत्येक प्रकल्पाला नवे संकेतांक द्या. दोन संशोधकांकडे एकच संकेतांक गेला तर एकाकडची पकड आणि दुसऱ्याकडचे ठिकाण सहज जुळतात.

एवढे करूनही बाकीचे रकाने बोलतात. लांबी २३.७ मीटर, इंजिन ४१२ किलोवॉट, असे वर्णन ताफ्यात एकाच नौकेचे असते. लांबीचे गट करा, १२ ते १८, १८ ते २४, २४ ते ४० मीटर. तारखेऐवजी आठवडा द्या. फेरीच्या मार्गातले बंदराजवळचे सुरुवातीचे आणि शेवटचे बिंदू कापा. कोणत्या छोट्या धक्क्यावरून नौका निघाली यावरून ती ओळखली जाते.

प्रश्न: मी धक्क्यावर नोंदी घेतो. आमच्याकडे एक मोठी वही असते, एकाखाली एक नौका. यात काही धोका आहे का? (नोंदणी कर्मचारी)

उत्तर: आहे, आणि रोजचा आहे. सही करायला वाकलेला तांडेल वरच्या सहा ओळी वाचतो. प्रत्येक नौकेसाठी सुटी, अनुक्रमांक घातलेली पावती वापरा. मूळ प्रत नौकेला, दुसरी कुलुपाच्या पेटीत. वही बदलता येत नसेल तर वरच्या ओळी झाकणारा पुठ्ठा तरी ठेवा. वजन मोठ्याने पुकारू नका. मोबाइलमध्ये नोंद करत असाल तर एकच पासवर्ड पाच जणांत वापरू नका, कारण पुढे काही झाले तर कुणी पाहिले हे सांगता येत नाही. पावतीचा फोटो काढून कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय तर आजच बंद करा. तो फोटो गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरतो आणि तिथून तो परत आणायचा मार्ग नाही.

प्रश्न: नौकेवर कॅमेरे बसवणार आहेत. खलाशांचे चेहरे, बोलणे सगळे जाणार का? (एक खलाशी)

उत्तर: कॅमेऱ्याचे काम जाळे ओढणे, मासळी वेगळी करणे आणि समुद्रात परत टाकणे हे दाखवणे आहे. म्हणून त्याची नजर ओढयंत्रावर, वर्गवारीच्या टेबलावर आणि कठड्यावर असावी. झोपण्याची जागा, स्वयंपाकाची जागा आणि स्वच्छतागृहाची वाट चित्रात येता कामा नये. मोजणीसाठी आवाज लागत नाही, तेव्हा तो बंद ठेवण्याची मागणी करा. बसवताना प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर पाहा आणि त्याची एक छापील प्रत नौकेवर ठेवा, म्हणजे पुढे कुणी कोन बदलला तर दाखवता येईल. चित्रफीत कोण पाहणार, किती महिने ठेवणार आणि कामगाराच्या तक्रारीत ती वापरणार का, हे करारात लिहून घ्या. मालकाशी झालेल्या करारात खलाशांचा उल्लेख राहून जातो. तो घालायला लावा.

प्रश्न: मला पीएच.डी.साठी फेरीवार माहिती मिळाली आहे. प्रबंधात काय काळजी घ्यावी? (संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर: करारात लिहिलेल्या उद्देशाबाहेर ती वापरू नका आणि मार्गदर्शकांनाही, त्यांचे नाव करारात नसेल तर, मूळ फाइल देऊ नका. संशोधकांकडून माहिती फुटते ती बहुधा निकाल मांडताना. ठिपक्यांचा आलेख, ज्यात एक ठिपका म्हणजे एक नौका, तो अक्षावरून वाचता येतो. ‘कमाल’ आणि ‘किमान’ हे एकाच नौकेचे आकडे असतात. त्यांच्या जागी दहावा आणि नव्वदावा शततमक (ज्याच्या खाली दहा किंवा नव्वद टक्के नौका येतात तो आकडा) द्या, तोही पुरेशा नौका असतील तरच. प्रत्येक नौकेसाठी वेगळा गुणक काढणारे सूत्र वापरले असेल तर ते गुणक परिशिष्टात टाकू नका.

फाइलींकडेही लक्ष द्या. स्प्रेडशीटमध्ये लपवलेला रकाना कुणीही उघडतो. पिव्होट टेबल (स्प्रेडशीटने मूळ नोंदींवरून बनवलेला सारांश तक्ता) दुसऱ्याला पाठवला की त्याच्या पोटात मूळ नोंदींची प्रत जाऊ शकते, म्हणून फक्त आकडे चिकटवून नवी फाइल करा. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर निवडून घेता येतो. संकेतस्थळावरच्या नकाशात चौकटीवर बोट ठेवल्यावर दिसणारी माहितीही तपासा. चित्र ढोबळ असते आणि मागची फाइल मूळचीच राहून जाते. छापण्यापूर्वी माहिती देणाऱ्या कार्यालयाकडून तक्ते तपासून घ्या.

प्रश्न: गोपनीयतेच्या नावाखाली बेसुमार मासेमारी झाकली जाते, असे आम्हाला वाटते. मासळी तर सर्वांची आहे! (पर्यावरण कार्यकर्ते)

उत्तर: तुमचा राग समजतो आणि काही वेळा तो खराही असतो. मासळी सर्वांची आहे, म्हणून साठ्याची स्थिती, एकूण पकड, कोटा किती व किती वापरला, कासवे, डॉल्फिन आणि समुद्रपक्षी किती अडकले, परवाने कुणाकडे आहेत आणि कुणाला दंड झाला, हे सगळे जनतेसमोर असलेच पाहिजे. यातल्या बहुतेक गोष्टी बेरीज करून विनाअडचण देता येतात. ‘गोपनीय’ एवढा एक शब्द लिहून अख्खा अर्ज फेटाळणे चूक आहे. कोणता खाना, कोणत्या कारणाने झाकला हे सांगून बाकीचे द्यायला हवे.

अर्ज करताना नौकेचे नाव घालून माहिती मागू नका, ती नाकारली जाण्याचा संभव मोठा. अमेरिकेत माहिती स्वातंत्र्य कायद्याखालीसुद्धा मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्याने झाकलेली नोंद देत नाहीत. त्याऐवजी ‘या जाळ्याच्या प्रकाराने, या तिमाहीत, या क्षेत्रात, तीन किंवा अधिक नौकांच्या बेरजेने’ असे मागा. झाकलेल्या खान्यांचा एकूण पकडीतला वाटा किती टक्के हेही विचारा. तो मोठा निघाला तर तक्त्याची रचनाच बदलायची मागणी करता येते, आणि ती योग्य मागणी आहे. पण प्रत्येक नौकेची नोंद उघडी करा असा आग्रह आम्हाला पटत नाही. तसे झाले की लॉगबुकात खोटे भरले जाईल, आणि साठा ढासळतो आहे हे तुम्हालाही कळायचे नाही.

प्रश्न: जुनी माहिती किती वर्षांनी खुली करावी? (ग्रंथपाल)

उत्तर: सरसकट एक मुदत ठरवू नका. भाव आणि पकड लवकर शिळी होतात, काही वर्षांत त्यांना धंद्याच्या दृष्टीने फारशी किंमत उरत नाही. जागा मात्र शिळी होत नाही. खडक, बुडालेले जहाज, खोल घळीचा कडा तिथेच राहतो, आणि वडिलांची जागा मुलगा वापरतो. म्हणून जुनी लॉगबुके खुली करताना ठिकाणाचा रकाना ढोबळ करूनच द्या.

प्रश्न: चुकून नौकावार यादी बाहेरच्या ईमेल पत्त्यांवर गेली. आता काय करायचे? (कार्यालय प्रमुख)

उत्तर: आधी वाट बंद करा. फाइल दुव्याने पाठवली असेल तर दुवा लगेच रद्द करा. जोडून पाठवली असेल तर ज्यांना गेली त्यांना फोन करून ती पुसायला सांगा आणि ‘पुसली, पुढे पाठवली नाही’ असे लेखी घ्या. ‘ईमेल परत बोलावला’ यावर समाधान मानू नका, बाहेरच्या पत्त्यांवर ते सहसा चालत नाही. मूळ ईमेल स्वतः मात्र पुसू नका, काय गेले याचा तोच पुरावा आहे.

मग बसून यादी करा: कोणत्या नौका, कोणते रकाने, कोणत्या तारखा, किती जणांकडे. ज्यांची नावे आहेत त्या मालकांना तुम्ही स्वतः कळवा. धक्क्यावरून कळले तर पुढची कित्येक वर्षे तुम्हाला खरी नोंद मिळणार नाही. युरोपीय संघातील माहिती संरक्षण नियमावलीत, व्यक्तींना धोका पोहोचण्याची शक्यता असेल तर, पर्यवेक्षक संस्थेला कळवायची मुदत ७२ तास आहे. तुमच्याकडे मुदत नसली तरी तीच पाळा. फुटलेल्या यादीत संकेतांक असतील तर चालू असलेल्या सगळ्या प्रकल्पांचे संकेतांक बदला. शेवटी, ही यादी मुळात एका फाइलीत, एका माणसाच्या संगणकावर, कुलुपाशिवाय का होती ते शोधा. आणि ईमेलला फाइल जोडण्याआधी दुसऱ्या कर्मचाऱ्याने पत्ते तपासायचे, असा नियम त्याच दिवशी लागू करा.